पहिला थ्रिलर निवडताना
सातशे पानांचा ठोकळा आधीच उचलू नकोस. अगाथा ख्रिस्तीची १९२६ची ‘द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड’ घे, पण तिच्याबद्दल आधी कुठे एक ओळही वाचू नकोस, अगदी मलपृष्ठसुद्धा. मग केइगो हिगाशिनोची ‘द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स’ (मूळ जपानी, २००५). खून कोणी केला हे त्यात सुरुवातीलाच कळतं, तरी पुस्तक खाली ठेववत नाही. कारण कोडं आहे ते शेजारच्या गणिताच्या मास्तरांनी तो झाकला कसा, याचं. शेवट वाचून मी अर्धा तास नुसता बसून होतो. एखादं पुस्तक पन्नास पानांत पकड घेत नसेल तर खुशाल सोड. आणि रात्री अकरानंतर नवं प्रकरण उघडू नकोस. (मला स्वतःला हे कधी जमलेलं नाही.)