“हाय ते रगत बी पातळ करताय?”

“आधीच पोरीच्या अंगात रगत न्हाई, आनि तुम्ही हाय ते बी पातळ करायला निघालाय?”

कागलकडच्या एका सासूबाईंचा हा प्रश्न. मांडीवर सुनेच्या रिपोर्टांची पिशवी. सून ३४ वर्षांची. लहानपणी सांधे सुजून ताप यायचा, त्याच्यापायी पुढं हृदयातली मायट्रल झडप आकसली. बलूननं ती मोकळी करायची ठरलं, पण घशातून केलेल्या इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्यात गुठळी दिसली. बलून लांबणीवर पडला, ‘रक्त पातळ’ करणाऱ्या असेनोकुमारॉलच्या गोळ्या सुरू झाल्या. घरच्यांना वाटलं, डॉक्टर टाळतायत.

कोल्हापुरात समुपदेशन करताना हा प्रश्न मला सतत भेटतो. माझ्या मते खोट ‘रक्त पातळ’ या शब्दातच आहे. घरी तीन म्हशी आहेत कळल्यावर मी म्हटलं, “मावशी, विरजण कमी पडलं तर?”

“दही लवकर लागत न्हाई.”

“म्हणून दुधाचं पाणी होतं का?”

“ते कशाला हुईल?”

या गोळीचंही तसंच. रक्त घटत नाही, फक्त गोठायला वेळ घेतं. आणि ही गोळी गुठळी विरघळवतही नाही. ती वाढू देत नाही, नवी धरू देत नाही. जुनी गुठळी शरीरच हळूहळू जिरवतं. त्याला दोन-तीन महिने लागतात, कधी सहा. बलूनची नळी जांघेच्या शिरेतून वर येते आणि हृदयाच्या मधल्या पडद्याला भोक पाडून त्याच डाव्या कप्प्यात शिरते. तिथं गुठळीला धक्का लागून ती सुटली, तर मेंदूकडं जाऊन लकवा होऊ शकतो. हे ऐकल्यावर सासूबाईंनी पिशवीची गाठ मारली आणि म्हणाल्या, “मग थांबू की.”

त्यांच्या मुलाचं, म्हणजे सुनेच्या नवऱ्याचं, मात्र समाधान नव्हतं. शेजारच्या काकांना रक्ताची तपासणी न लागणारी नवी गोळी आहे, ती का नाही? कारण आकसलेल्या मायट्रल झडपेला जुनीच गोळी लागते. अशा सांधे सुजवणाऱ्या तापानं झडप बिघडलेल्या रुग्णांत दोन्ही गोळ्यांची तुलना झाली, २०२२ साली निकाल आला, आणि जुन्या गोळीवरच्या लोकांमध्ये मृत्यू कमी निघाले. त्यामुळं आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ घेतं ते दाखवणारा आकडा, तपासत राहायचं, आकडा २ ते ३ मध्ये ठेवायचा.

सुनेनं दोनशेपानी वही केली. पूर्ण गोळीला गोल, अर्ध्या गोळीला अर्धा चंद्र. सहा आठवडे चित्र सुंदर होतं. मग नवरात्र आलं. अंबाबाईचे नऊ दिवस कडक उपवास. मेथी, शेपू, पालक सगळं बंद, वर साबुदाणा. दहाव्या दिवशी ब्रश करताना हिरड्यांतून रक्त, आयएनआर ४.२. चूक माझीही होती. पालेभाजी बंद झाली की या गोळीचा जोर वाढतो. ‘पालेभाजी रोज सारख्याच प्रमाणात खा’ इतकं मी सांगितलं होतं, उपवासाचं विचारलंच नव्हतं. आता कॅलेंडर बघून विचारते. घाबरून गोळ्या कायमच्या बंद करायला निघाले होते घरचे. डॉक्टरांनी दोन डोस थांबवून पुन्हा सुरू केल्या.

दीर आणि नवरा बाहेर गेल्यावर तिनं हळूच सांगितलं, पाळी दहा-दहा दिवस चालतेय. हे पुरुषांसमोर कोण बोलणार? त्यासाठी वेगळं औषध मिळालं. या गोळ्यांवर असताना दिवस राहिले तर बाळाला धोका असतो, हेही तेव्हाच बोलून घेतलं. अंगदुखीला मेडिकलमधून परस्पर गोळी आणायची नाही, कसलाही काढा विचारल्याशिवाय घ्यायचा नाही. शौचाला काळं झालं, डोक्याला मार लागला किंवा तोंड वाकडं झालं, तर फोनवर विचारत बसू नका, थेट दवाखाना गाठा.

तीन महिन्यांनी पुन्हा इको. गुठळी लहान झाली होती, गेली नव्हती. त्या दिवशी ती माझ्यासमोर रडली, आणि मी तिला रडू दिलं. पाचव्या महिन्यात कप्पा साफ दिसला, बलून झाला.

घरी जाताना विचारलं, “ताई, वही आता मिटू?” हृदयाचे ठोके अजून अनियमित होते, त्यामुळं गोळी चालूच राहणार होती. सांगितल्यावर तिनं पर्समधून पट्टी काढली आणि पुढच्या महिन्याचे रकाने आखायला घेतले.