बूम माइक घेऊन दुकानात घुसण्याआधी

अरे, ठाण्यात ग्राहकांच्या बातम्या करायला लागलायस, मस्तच, पण आधी तक्रारदाराकडनं बिल, वॉरंटी कार्ड, व्हॉट्सअ‍ॅप चॅट सगळं मागून घे आणि तारखा नीट बघ, कारण 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारीचं कारण घडल्यापासून 2 वर्षांत ग्राहक आयोगाकडे जावं लागतं आणि बरेच जण कस्टमर केअरच्या मागे फिरण्यातच तो वेळ घालवतात. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीची तक्रार करायला आयोगात फी नाही, हे प्रत्येक स्टोरीत सांगच, लोकांना खरंच माहीत नसतं. दुकानदाराची बाजूही घे, कॅमेऱ्यावर नाही बोलला तर लेखी प्रश्न पाठव. घोडबंदरच्या फ्लॅटचा ताबा रखडलाय? महारेराच्या (बिल्डरांवर लक्ष ठेवणारं राज्याचं प्राधिकरण) साइटवरची ताब्याची तारीख आणि अ‍ॅग्रीमेंटमधली तारीख शेजारी ठेव, बातमी तिथंच सापडते. टेलिकास्टनंतर महिन्याभरानं पैसे मिळाले का विचार, नसतील मिळाले तर परत बातमी लाव.