मिनिमम तर भरतोय, मग कर्ज का उतरत नाही?

"मॅडम, दर महिन्याला भरतोय. एकही तारीख चुकवली नाही. तरी कर्ज आहे तिथंच आहे. आणि घरी हे कसं सांगायचं, तेच कळत नाही."

मी समुपदेशक आहे. क्रेडिट कार्डाच्या कर्जात अडकलेल्या माणसांकडून हे मी इतक्यांदा ऐकलंय, की पहिल्या दोन शब्दांवरून पुढचं ओळखता येतं. कुणी 'घरी'ऐवजी 'बाबांना' म्हणतं, कुणी 'नवऱ्याला'. नुकतीच पहिली नोकरी लागलेली मुलगी असते, निवृत्तीला दोन वर्षं उरलेले गृहस्थ असतात. कर्जाचं नाव घेऊन मात्र फार थोडे येतात. झोप लागत नाही, छातीत धडधडतं, मुलांवर उगाच हात उगारला जातो, अशी तक्रार असते. कर्ज बाहेर येतं तिसऱ्या-चौथ्या भेटीत, तेही निघता निघता.

त्यातल्या एकांची गोष्ट त्यांच्या परवानगीने सांगते आहे. ओळख पटेल असं सगळं बदललं आहे. नाव प्रशांत समजा. वय चाळिशीच्या पुढे, पगार नियमित, घरात बायको आणि एक मुलगी.

प्रशांत समोर बसले की फोन उलटा करून मांडीवर ठेवायचे आणि त्यावर तळहात. फोन थरथरला की बोट न बोट पांढरं पडेल इतका हात दाबला जायचा. तोंडाने बोलणं चालूच. तिसऱ्या भेटीत मी विचारलं, "कुणाचा फोन असतो?"

"कार्डवाल्यांचा."

"किती कार्डं?"

"तीन."

"एकूण देणं किती?"

त्यांनी एक आकडा सांगितला. पुढे आम्ही हिशेब मांडला तेव्हा खरं देणं त्याच्या जवळजवळ दुप्पट निघालं, त्यांच्या महिन्याच्या पगाराच्या सहापट. ते खोटं बोलत नव्हते. आठ महिने त्यांनी एकही स्टेटमेंट उघडलं नव्हतं. मोबाईलवर जो संदेश येतो त्यात एकूण देणं आणि किमान देणं, म्हणजे या महिन्यात निदान एवढं भराच असं 'मिनिमम', असे दोन आकडे असतात. त्यांची नजर पहिल्यावरून घसरून दुसऱ्यावर थांबायची, तेवढे पैसे ते भरायचे आणि महिनाभर श्वास घ्यायचे.

यात ते एकटे नाहीत. इंग्लंडमधल्या वॉरविक विद्यापीठातल्या नील स्टुअर्ट यांनी २००९ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना कार्डाचं काल्पनिक बिल दाखवून किती भराल असं विचारलं. काहींच्या बिलावर किमान रक्कम छापली होती, काहींच्या नव्हती. पूर्ण बिल न भरणाऱ्यांमध्ये, ज्यांना तो छोटा आकडा दिसलाच नाही त्यांनी बरेच जास्त पैसे भरायचं ठरवलं. म्हणजे 'एवढं तरी भरा' म्हणून छापलेला आकडा मनात जाऊन 'एवढं भरलं की झालं' असा होतो.

पुढच्या वेळी तिन्ही स्टेटमेंट छापून आणा, असं मी सांगितलं. त्यांनी आणली, पण आठ घड्या घालून, पाकिटात कोंबून. टेबलावर ठेवली आणि हात मागे घेतला.

"उघडलं तर काय होईल?"

"कळेल."

"काय कळेल?"

खूप वेळ गेला. या जागी मी घाई करत नाही. नवशिकी असताना मीच काहीतरी समजुतीचं बोलून टाकायचे आणि समोरच्याचं ओठावर आलेलं परत आत जायचं.

"माझी लायकी कळेल," ते म्हणाले.

मी पहिला कागद उलगडून त्यांच्यापुढे सरकवला. "यात लायकीचा रकाना कुठाय, तो मला दाखवा."

त्यांना वाटलं मी धीर द्यायला काहीतरी बोलते आहे. मी म्हटलं, "खरंच शोधा." मग ते बोट फिरवत वाचू लागले. मागील शिल्लक. खरेदी. रोख उचल. रोख उचलीचं शुल्क. व्याज. एकूण देय. किमान देय. पान उलटलं, मागची बारीक अक्षरंही बघितली. शेवटी म्हणाले, "नाहीये." आणि त्यांचे डोळे भरून आले. चार भेटींत पहिल्यांदाच फोन थरथरला आणि हात त्यावर दाबला गेला नाही.

मी ज्या वाटेने काम करते ती अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास घालून दिली. माणूस घटनेने जेवढा कोसळतो त्याहून जास्त, त्या घटनेवरून स्वतःबद्दल काढलेल्या निवाड्याने कोसळतो, हे त्या वाटेचं सार. 'माझ्यावर कर्ज आहे' हे वाक्य जड आहे, पण त्यावर काम करता येतं. 'मी नालायक आहे' या वाक्यावर काहीच करता येत नाही, फक्त लपता येतं. आणि कर्ज लपवण्यासारखी महाग गोष्ट नाही, कारण लपवलेल्या प्रत्येक महिन्याला व्याज लागतं. वीस वर्षांच्या कामानंतर मी हे ठामपणे म्हणू शकते: कर्जाचा हिशेब मांडायच्या आधी तो निवाडा हलवावा लागतो. नाहीतर वही-पेन घेऊन बसवलं तरी माणूस आकडे चुकीचे लिहितो.

त्यानंतर मी प्रत्येकाला विचारते तो प्रश्न त्यांनाही थेट विचारला. "जगूच नये असं कधी वाटलं?" ते म्हणाले, "दोनदा." त्या दिवशी हिशेब बाजूला ठेवला. त्यांच्या मोठ्या भावाला बोलावून घेतलं आणि प्रशांत त्यांच्याबरोबरच घरी गेले. त्याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञांकडेही जाऊन आले. हे वाचणाऱ्या कुणाच्या मनात तसं येत असेल, तर आजच, आत्ताच एका माणसाला सांगा आणि डॉक्टरांना भेटा. वसुलीवाल्यांचा फोन आठवडाभर थांबू शकतो.

आता तो प्रश्न, कर्ज का उतरत नाही. प्रशांत यांच्या कार्डांवर दरमहा शेकडा तीन व्याज होतं. ऐकायला तीन वाटतं. व्याजावर व्याज धरलं तर ते वर्षाला शेकडा साडेबेचाळीसच्या वर जातं. किमान रक्कम होती शेकडा पाच. आम्ही शंभराचा हिशेब मांडला, कारण मोठ्या आकड्याने त्यांचा हात थरथरत होता. देणं १००, व्याज ३, झाले १०३. त्याचे शेकडा पाच म्हणजे ५.१५ भरले. उरले ९७.८५. असं बारा महिने, मध्ये एकही नवी खरेदी न करता. वर्षअखेर त्यांनी भरलेले असतात ५५, आणि कर्ज उतरलेलं असतं फक्त २३ने. उरलेले ३२ व्याजात गेले. याच चालीने कर्ज निम्मं व्हायला ३२ महिने लागतात.

"म्हणजे मी भरत होतो ते..."

"वाया गेलं नाही. लेट फी वाचली, खातं थकीत झालं नाही. पण कर्ज फेडायला ते पुरेसं नव्हतं."

मग मी त्यांना आणखी एक गणित घातलं, आणि माझ्या मते सगळ्या कामाची कळ यात आहे. कर्ज थोडं उतरलं की किमान रक्कमही उतरते. ५.१५, मग ५.०४, मग ४.९३. माणसाला वाटतं ओझं हलकं होतंय, आणि तो तेवढंच कमी भरतो. आता समजा पहिल्या महिन्याचे ५.१५ धरून ठेवले, स्टेटमेंटवर कितीही कमी छापून आलं तरी दर महिन्याला तेवढेच भरले, आणि कार्ड वापरलं नाही. तर किती महिने? त्यांनी शंभर म्हटलं. मग साठ. कॅल्क्युलेटरवर एकेक महिना करत गेलो. तिसावा हप्ता पूर्णही भरावा लागत नाही. कर्ज संपतं.

जेवढ्या काळात आधी ते निम्मंही होत नव्हतं, तेवढ्यात संपतं. सुरुवातीच्या रकमेत एक पैसा वाढवलेला नाही. प्रशांत यांनी तो हिशेब तीनदा केला. तिसऱ्यांदा तर कॅल्क्युलेटर बाजूला ठेवून कागदावर.

कर्ज कुठून आलं, हेही त्या कागदांवर दिसलं. "वडिलांचं ऑपरेशन" हे उत्तर ते स्वतःलाही देत आले होते. ऑपरेशन खरं होतं, पण त्याचा वाटा पाचवा हिस्सासुद्धा नव्हता. व्याज आणि एका कार्डातून रोख उचलून दुसऱ्याचं भरल्याचं शुल्क, यांचा वाटा त्याहून मोठा होता. रोख उचलीला बिनव्याजी मुदत नसते, व्याज त्याच दिवसापासून. आणि मागचं बिल पूर्ण भरलेलं नसेल तर बहुतेक कार्डांवर नव्या खरेदीचीही मुदत जाते. राहिलेला भाग वाईट दिवसांनंतर केलेल्या खरेदीचा. मी त्यावर काही बोलले नाही, त्यांनीच त्या ओळींखाली पेन्सिलीने रेघ मारली. कार्डाने देताना पैसे गेल्यासारखं वाटत नाही हे आपण सगळेच जाणतो. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातल्या प्रेलेक आणि सिमेस्टर यांनी २००१ साली तिकिटांच्या लिलावात हे तपासलं, तेव्हा कार्डाने पैसे द्यायचे असलेल्यांची बोली रोखवाल्यांच्या सुमारे दुप्पट गेली होती.

पुढच्या भेटीला बायको आली. प्रशांत यांनीच बोलावलं होतं. त्यांनी सांगायला सुरुवात केली, "एका कार्डाचं थोडं देणं झालंय," आणि सर्वांत लहान कार्डाचा आकडा सांगितला.

ती पाहत राहिली. "एवढंच? एवढ्यासाठी तू रात्री गॅलरीत जाऊन फोनवर बोलत होतास? मला वाटत होतं दुसरं कुणीतरी आहे."

ते गप्प. मीही गप्प. त्या शांततेत मला जे दिसलं, ते त्यानंतरच्या प्रत्येक अशा जोडप्यात मी शोधत आले आहे. ते बायकोलासुद्धा किमान रक्कमच भरत होते. खरं सांगायचं, पण आजचा दिवस टळेल इतकंच. उरलेलं पुढच्या महिन्यावर, आणि त्यावर तिच्या संशयाचं व्याज चढत होतं. मी फक्त एवढंच म्हटलं, "प्रशांत, हे मिनिमम झालं."

त्यांना लगेच कळलं. त्यांनी घड्या पडलेले तिन्ही कागद काढले आणि तिच्या मांडीवर ठेवले.

ती रडली, चिडलीही. "मला का नाही सांगितलंस" हे पाच-सहा वेळा झालं. मी थांबवलं नाही, तो राग तिचा हक्काचा होता. मग तिने डोळे पुसले, पर्समधून पेन काढलं आणि व्याजाच्या ओळींवर गोल करायला लागली. "हे तीन टक्के महिन्याला? वर्षाला नाही?"

तुमच्या घरी कुणी असं सांगायला आलं, तर पहिल्या दिवशी 'कशाला केलंस' विचारू नका. 'सगळं मिळून किती' एवढंच विचारा, आणि उत्तर आल्यावर 'अजून काही राहिलंय का' हे पुन्हा एकदा, हळू आवाजात. आणि सांगणाऱ्याने पूर्ण आकडा एकदाच सांगावा. तुकड्यातुकड्याने कळलेलं कर्ज समोरच्याला प्रत्येक वेळी नव्याने फसवल्यासारखं लागतं.

व्यवहाराचं थोडक्यात सांगते. आधी वापर थांबवा, कार्ड पाकिटातून काढा, फोनमध्ये साठवलेली कार्डाची माहिती पुसा. हप्ता चुकणार असेल तर चुकायच्या आधी कार्ड कंपनीशी बोला. देणं कमी व्याजाच्या ठरावीक हप्त्यांत बदलून मिळू शकतं, प्रशांत यांच्या एका कार्डाचं तसं झालं. जे बोलणं होईल ते लेखी घ्या. उरलेलं देणं दुसऱ्या कार्डावर वळवायचं असेल तर शुल्क, सवलतीची मुदत आणि मुदतीनंतरचा दर, तिन्ही आधी पाहा. 'कमी पैशांत मिटवून टाका' हा तडजोडीचा मार्ग शेवटचा, कारण त्याची नोंद पतइतिहासात राहते. आधी फी घेऊन कर्ज पुसून देतो म्हणणाऱ्यांपासून लांब राहा. बाकी सगळ्या कार्डांवर किमान रक्कम भरत राहून जादा पैसा एकाच कार्डावर लावा. सर्वांत जास्त व्याजाचं आधी संपवलं तर पैसे वाचतात. पण फार खचलेल्या माणसाला मी सर्वांत लहान देणं आधी संपवायला सांगते. एक खातं शून्य झालेलं डोळ्यांनी दिसणं त्याला लागतं.

प्रशांत यांनीही लहानापासून सुरुवात केली. पगाराचा जवळजवळ तिसरा हिस्सा दर महिन्याला जातो, आणि तो कमी करायचा नाही असं दोघांचं ठरलंय. बायकोने मुलीच्या जुन्या चौकटीच्या वहीत तीस चौकोन आखले, हप्ता गेला की एक भरायचा. मध्ये एका महिन्यात त्यांनी पुन्हा कार्ड वापरलं. लपवलं नाही, त्याच संध्याकाळी सांगितलं. मी ते कामाचं यश मानते.

गेल्या भेटीत दोघं आले होते. झोप बरी आहे, औषध कमी झालंय. स्टेटमेंट अजून तीच आधी उघडते, याचं त्यांना थोडं लागलेलं दिसलं.

"किती दिवस तपासणार आहेस?" त्यांनी माझ्यासमोरच विचारलं.

ती म्हणाली, "अकरा चौकोन राहिलेत."