कानशिलांवरचा हलका हात

प्रश्न : माझ्या सासूबाई ७१ वर्षांच्या आहेत. पूर्वी कधी डोके न दुखणाऱ्या सासूबाईंची कानशिले दीड महिन्यापासून ठणकतात, केसांना कंगवा लागला तरी त्या कळवळतात आणि पोळी चावता चावता जबडा भरून येतो म्हणून हल्ली वरणभातच कालवून खातात. पलासिया भागातील एका फिजिओथेरपिस्टबाईंनी त्यांच्यावर क्रेनियल ऑस्टिओपॅथी (कवटी हलक्या हातांनी धरून करायचा उपचार) सुरू केली असून दोन बैठकांनंतर त्यांना झोप बरी लागते. आमचे डॉक्टर मात्र त्याला थोतांड म्हणतात. उपचार चालू ठेवावेत का?
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : आपण विचारले आहे उपचाराविषयी, मी मात्र थबकलो तो पोळीच्या वाक्यापाशी, आणि म्हणूनच हे उत्तर छापून येण्याची वाट न पाहता आपल्याला फोनवर कळवले होते. पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली डोकेदुखी, हळवी झालेली डोक्याची त्वचा आणि चावताना दुखणारा जबडा ही तीन लक्षणे एकत्र आली, की कानशिलाच्या धमनीला सूज आली आहे का, हे त्याच दिवशी पाहावे लागते. या विकाराला टेम्पोरल आर्टरायटिस म्हणतात. आपल्याकडे तो क्वचित आढळतो, पण डोळ्याचा रक्तपुरवठा बंद पडला तर दृष्टी जाते आणि गेलेली दृष्टी बहुधा परत येत नाही. ईएसआर आणि सीआरपी या शरीरातील सूज दाखवणाऱ्या साध्या रक्ततपासण्यांनी संशय बळावतो. तो दाट असेल तर धमनीचा तुकडा तपासून येण्याआधीच डॉक्टर स्टेरॉइड सुरू करतात.

आता मूळ प्रश्न. ऑस्टिओपॅथीची, म्हणजे हाडे, सांधे आणि स्नायू हातांनी हाताळून उपचार करण्याची कल्पना अँड्र्यू टेलर स्टिल या अमेरिकन डॉक्टरांनी १८७४ साली मांडली आणि त्यांच्याच परंपरेतील विल्यम सदरलँड यांनी पुढे ती कवटीला लावली. कवटीची हाडे सांध्यांपाशी किंचित हलतात, त्यांची एक लय असते आणि ती बोटांना जाणवते, असे त्यांचे म्हणणे होते. प्रौढांच्या कवटीचे सांधे दातेरी कडांनी एकमेकांत घट्ट गुंतलेले असतात, आणि एकाच रुग्णाची ही लय दोघांनी स्वतंत्रपणे मोजली तर आकडे जुळत नाहीत. त्यामुळे आपल्या डॉक्टरांचा आक्षेप अगदीच निराधार नाही. शब्द मात्र मी सौम्य वापरले असते. कारण अंधाऱ्या, शांत खोलीत कोणी पाऊण तास डोके हलक्या हातांनी धरून बसले, तर ताणलेले स्नायू सैलावतात आणि झोप लागते, आणि म्हाताऱ्या माणसाला एवढा वेळ देणारे दुसरे कोण असते?

म्हणून निदान झाल्यावर, डॉक्टरांना सांगून आणि औषधाचा एकही डोस न चुकवता या बैठका पुढे चालू ठेवायला माझी हरकत नाही. कोणती औषधे चालू आहेत हे त्या बाईंना लिहून द्यावे. दुखणाऱ्या कानशिलावर दाब नको. डोळ्यांपुढे क्षणभर अंधारी आली किंवा एकाचे दोन दिसले, तर बैठक सोडून थेट रुग्णालय गाठावे. मानेला झटका देऊन कट्‌ असा आवाज काढण्याचा प्रकार मात्र या वयात, त्यातून स्टेरॉइडने हाडे विरळ होण्याची शक्यता असताना, कोणाच्याही हातून करून घेऊ नये.