ईसीजी नॉर्मल, वजन ९८ किलो. मग बसल्या बसल्या नाडी ९२ का?

तुम्ही लिहिलंय की वय ३६, ईसीजी आणि इको दोन्ही ठीक, तरी नुसतं बसून नाडी ९२. मी नागपुरात बरीच वर्षं टीएमटी करतो, म्हणजे लोकांना पट्ट्यावर चालवून ईसीजी काढतो. डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो.

हृदयाला ठोके द्यायला मेंदू लागत नाही. हृदयातलाच एसए नोड नावाचा पेशींचा छोटा पुंजका आपला आपण मिनिटाला शंभरेक ठोके देतो. मग धडधाकट माणूस बसला की नाडी ७० वर कशी? व्हेगस नावाची नस त्याला सतत आवरून धरते. सेमिनरी हिल्सवरून फुटाळ्याकडे सायकल उतरवताना आपण पायडल मारत नाही, नुसती ब्रेकवर बोटं ठेवतो, तसं. १९२१ मध्ये ऑटो लोवी या शास्त्रज्ञांनी बेडकाच्या हृदयांवर दाखवून दिलं की ही नस एक रसायन सोडून ठोके मंदावते.

वजन वाढलं, विशेषतः पोटाचा घेर, की ब्रेकवरची ही बोटं अनेकांत ढिली पडतात. वरून ठोके वाढवणाऱ्या सिम्पथेटिक नसांचा रेटा वाढतो. त्यामागे वाढलेलं इन्सुलिन असतं, चरबीतून येणारं लेप्टिन नावाचं हार्मोन असतं, आणि रात्री घोरताना श्वास अडकणंही.

पट्ट्यावर चढलेला प्रत्येक जण विचारतो, "भाऊ, किती वर गेली?" मी मात्र पट्टा हळू झाल्यावर ती किती लवकर उतरते ते बघतो. पहिल्या मिनिटातली उतरण मुख्यतः व्हेगसची कमाई. त्यात १२ किंवा त्याहून कमी ठोके उतरले, तर डॉक्टर त्याकडे लक्ष देतात.

एका रिकाम्या दुपारी मी स्वतःच चढलो. तेव्हा वजन ९१. उतरले फक्त ११! सोबतच्या पोराने कागद हातात दिला आणि गुपचूप चहा आणायला गेला. सावजी काही सुटलं नाही बाप्पा, पण रात्रीचं जेवण आठच्या आत आणलं, रोज सकाळी अंबाझरीला पाऊण तास चालू लागलो. आठ महिन्यांत सात किलो गेले, उतरण १९ वर आली. वजनाने किती आणि चालण्याने किती, ते मला वेगळं करता येत नाही. दोन्ही सोबतच झालं.

मात्र सगळं वजनावर ढकलू नका. हिमोग्लोबिन आणि थायरॉईड तपासून घ्या. घोरता का, ते बायकोला विचारा. आपल्याला कळत नसतं. आणि नाडी मोजायची तर सकाळी उठल्या उठल्या, चहाच्या आधी, पूर्ण मिनिट. इथल्या मे महिन्यात उन्हातून येऊन, घशाला कोरड असताना मोजाल तर ९२ कोणाचीही येईल. चक्कर आली किंवा छातीत दुखलं, तर मात्र हे उत्तर बाजूला ठेवून थेट डॉक्टरकडे जा.