तत्त्वज्ञानाच्या तासाचं मोजमाप कसं करावं?

प्रश्न : आमच्या हिंदी माध्यमाच्या शाळेत पाचवीच्या एका तुकडीला आठवड्यातून एक तास तत्त्वज्ञानाच्या चर्चेसाठी देणार आहोत. संस्थाचालक विचारतात, मार्क वाढतील का? उपयोग झाला की नाही हे कसं तपासावं? — एक शिक्षिका, इंदूर

उत्तर : मार्कांचं आश्वासन देऊ नका. इंग्लंडमध्ये अशाच तत्त्वज्ञान-चर्चेच्या कार्यक्रमाच्या 48 शाळांतल्या चाचणीत (अहवाल 2015) वाचन आणि गणितात सुमारे दोन महिन्यांची जादा प्रगती दिसली होती. पुढे 198 शाळांत तोच कार्यक्रम तपासला, तेव्हा वाचनावर परिणाम झाल्याचा पुरावा मिळाला नाही. मुलं कारणं देतात का, दुसऱ्याचं ऐकून आपलं मत तपासतात का, हे मोजा. तास त्यासाठीच आहे.

पाचवीच्या दोन तुकड्यांपैकी तास आधी कोणत्या तुकडीला, हे चिठ्ठी टाकून ठरवा. उरलेल्या तुकडीला तो पुढच्या वर्षी द्या. तुकड्या मार्कांवरून पाडलेल्या असतील, तर ही तुलना बाद समजा.

सुरुवातीला आणि वर्षअखेरीस दोन्ही तुकड्यांना पंधरा मिनिटांचा एक लेखी प्रश्न द्या. उदाहरणार्थ, 1984 मध्ये जळालेला इंदूरचा राजवाडा पुन्हा बांधला. हा तोच राजवाडा का? दुसरा प्रश्न, मित्राला वाईट वाटू नये म्हणून खोटं बोलावं का? अर्ध्या मुलांना आधी पहिला, उरलेल्यांना आधी दुसरा. नाहीतर सोपा प्रश्न नंतर आला म्हणून प्रगती झाल्यासारखी वाटते.

गुण 0 ते 3 : नुसतं मत 0, एक कारण 1, कारणासोबत उदाहरण 2, विरुद्ध बाजूचा विचार 3. शुद्धलेखनाचे गुण कापू नका. घरी मराठी बोलणारं मूल मराठी-हिंदी मिसळून लिहील, तेही चालेल. नावं झाकून, दोन्ही तुकड्यांचे आधीचे-नंतरचे कागद एकत्र मिसळून दुसऱ्या शिक्षकांकडून तपासून घ्या. आपल्याच तुकडीला आपण नकळत सैल हाताने गुण देतो.

शिवाय महिन्यातून एकदा दहा मिनिटांची चर्चा ध्वनिमुद्रित करून मोजा : शिक्षक किती वेळा बोलले, किती वेगवेगळी मुलं बोलली, 'कारण' किंवा 'क्योंकि' किती वेळा आलं, दुसऱ्या मुलाच्या म्हणण्याला धरून कोण बोललं. बहुतेक तास इथेच फसतो. प्रत्येक उत्तरानंतर शिक्षक 'शाबास' म्हणतात, मग मुलं एकमेकांशी न बोलता त्यांच्याकडेच बघत राहतात.

फक्त दोन तुकड्यांवरून कार्यक्रम सिद्ध होत नाही, हेही संस्थाचालकांच्या अहवालात स्पष्ट लिहा.