विकलेला जुना मोबाइल चोरीचा निघाला, तर विकणाऱ्याची जबाबदारी कुठवर?

प्रश्न : इचलकरंजीत माझे मोबाइल दुरुस्तीचे लहानसे दुकान आहे. गेल्या दोन वर्षांपासून मी ऑनलाइन जाहिराती पाहून जुने फोन विकत घेतो आणि नीट करून विकतो. चार महिन्यांपूर्वी पुण्याच्या एका व्यक्तीकडून १८,५०० रुपयांना एक फोन घेतला. बाजारात तसा फोन २४ ते २५ हजारांना जात होता. बिल हरवले असे तो म्हणाला, खोकेही नव्हते. पैसे मी यूपीआयने दिले, मात्र खाते त्याच्या भावाच्या नावाचे होते. तीन आठवड्यांनी मी तो फोन ओळखीच्या एका ग्राहकाला २१,००० रुपयांना विकला आणि पावतीवर 'माल तपासून दिला आहे, नंतर तक्रार चालणार नाही' असे लिहून दिले. आता तो फोन चोरीचा असल्याचे सांगून पुणे पोलिसांनी ग्राहकाकडून काढून घेतला आहे. ग्राहक पैसे परत मागतो आहे. मला पोलीस असल्याचे सांगणाऱ्या एकाचा फोन आला, की २० हजार पाठवा, प्रकरण मिटवून टाकू. मित्र म्हणतो, त्या विक्रेत्यासोबतचे सगळे चॅट पुसून टाक. मी गुन्हेगार ठरतो का? पैसे परत द्यावे लागतील का? त्याच माणसाकडून घेतलेले आणखी दोन फोन दुकानात पडून आहेत, त्यांना गिऱ्हाईक आले आहे.

उत्तर : आपण शेवटी जाता जाता लिहिलेल्या वाक्यापासूनच मला सुरुवात करावी लागत आहे, कारण माझ्या मते आपल्या प्रकरणातील सर्वांत नाजूक गोष्ट विकला गेलेला फोन नसून दुकानात पडून असलेले ते दोन फोन आहेत.

चोरीची मालमत्ता स्वीकारण्याचा गुन्हा भारतीय न्याय संहिता, २०२३ च्या कलम ३१७ मध्ये सांगितला आहे. त्याच्या उपकलम (२) नुसार, वस्तू चोरीची आहे हे माहीत असताना किंवा तसे मानण्यास कारण असताना ती अप्रामाणिकपणे स्वीकारणाऱ्यास अथवा जवळ बाळगणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. यातील 'जवळ बाळगणे' हा शब्द आपण नीट लक्षात घ्यावा. फोन घेताना आपल्याला काहीही ठाऊक नव्हते हे खरे मानले, तरी त्या विक्रेत्याचा एक फोन चोरीचा निघाला हे कळल्यानंतर उरलेल्या दोन फोनांविषयी 'मला शंका येण्याचे कारण नव्हते' असे आपल्याला म्हणता येणार नाही. ते आज विकले, तर पहिल्या व्यवहारातील आपला प्रामाणिकपणाही संशयाच्या छायेत जाईल. इतकेच नव्हे, तर चोरीच्या मालाचा नेहमी व्यापार करणाऱ्यासाठी याच कलमाच्या उपकलम (४) मध्ये आजन्म कारावासापर्यंतची तरतूद आहे, आणि तीन फोन एकाच माणसाकडून आलेले असताना तो आरोप आपल्या दारापर्यंत येऊ देणे मुळीच शहाणपणाचे नाही.

म्हणून त्या गिऱ्हाइकाला आजच नकार द्यावा. दोन्ही फोन विक्रेत्याला परत करू नयेत, फॉरमॅट करू नयेत, सुटे भाग काढण्यासाठी उघडू नयेत. प्रत्येक फोनचा आयएमईआय क्रमांक (त्या फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक) *#०६# डायल करून किंवा सेटिंगमधून पाहून लिहून घ्यावा आणि दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर तो तपासावा. हा क्रमांक केवायएम (KYM) या अक्षरांनंतर लिहून १४४२२ वर संदेश पाठवला तरी फोनची स्थिती कळते. हरवलेला किंवा चोरीस गेलेला फोन मालकाने तेथे बंद करून घेतला असेल, तर तसे उत्तर येते. मात्र उत्तर स्वच्छ आले म्हणून फोन स्वच्छ ठरत नाही, कारण अनेक मालक तक्रार देण्यास उशीर करतात किंवा देतच नाहीत. त्यामुळे उत्तर काहीही आले, तरी दोन्ही फोनांची माहिती आपण होऊन लेखी अर्जाने आपल्या हद्दीतील पोलीस ठाण्यात द्यावी, अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घ्यावा, आणि पोलिसांनी फोन ताब्यात घेतल्यास जप्ती पंचनाम्याची प्रत मागावी. हा अर्ज देण्यापूर्वी स्थानिक वकिलाला एकदा दाखवलात तर उत्तम, पण त्यासाठी आठवडा घालवू नका.

आता पहिल्या फोनविषयी. आपण निर्दोष आहात असे मला पत्रावरून वाटते, परंतु न्यायालय मनात डोकावून पाहू शकत नाही, ते परिस्थिती पाहते. पंचवीस हजारांचा फोन साडेअठरा हजारांत, बिल नाही, खोके नाही, पैसे तिसऱ्याच्याच खात्यावर, या चारही गोष्टी सरकारी वकील एकापाठोपाठ एक मांडतील. शिवाय भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ११९ नुसार, चोरीनंतर लवकरच ज्याच्याकडे माल सापडतो आणि ज्याला तो आपल्याकडे कसा आला याचा खुलासा देता येत नाही, तो स्वतः चोर आहे किंवा त्याने माल चोरीचा असल्याचे जाणून घेतला, असे न्यायालयाला गृहीत धरता येते. हे गृहीतक न्यायालयाने धरलेच पाहिजे असे नाही, आणि समाधानकारक खुलासा दिला की ते टिकत नाही. आपल्या बाजूने बोलणाऱ्या गोष्टीही कमी नाहीत. आपण पैसे रोखीने न देता बँकेमार्फत दिले, उघडपणे दुकानात फोन विकला, पावती लिहून दिली आणि ती ओळखीच्या माणसाला दिली. माल चोरीचा आहे हे जाणणारा माणूस सहसा आपल्या नावाची पावती मागे ठेवत नाही.

हा सगळा खुलासा उभा राहतो तो त्या चॅटवर, म्हणून मित्राचा सल्ला कृपया ऐकू नका. जाहिरातीचे छायाचित्र, किमतीची घासाघीस, 'बिल हरवले' हे विक्रेत्याचे वाक्य, भावाच्या खात्याचा उल्लेख, हे सारे आपल्याला गैरसोयीचे वाटत असले तरी तोच आपला बचाव आहे. उलट पुरावा म्हणून न्यायालयासमोर येऊ नये या हेतूने इलेक्ट्रॉनिक नोंद नष्ट करणे हा न्याय संहितेच्या कलम २४१ खाली स्वतंत्र गुन्हा होतो. चॅट ज्या फोनवर आहे तो फोन बदलू नका, संपूर्ण संभाषण निर्यात करून ठेवा, बँकेकडून त्या तारखेचा खातेउतारा घ्या. पुढे हे न्यायालयात दाखल करताना साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावे लागते, ते आपले वकील तयार करतील. जाहिरात काढून टाकली गेली असली तरी निराश होऊ नका. माहिती तंत्रज्ञानविषयक २०२१ च्या नियमांप्रमाणे खाते बंद झाल्यावरही नोंदणीची माहिती मध्यस्थ कंपनीने, म्हणजे येथे जाहिरातीच्या संकेतस्थळाने, १८० दिवस जपून ठेवायची असते. आपला व्यवहार चार महिने जुना आहे, म्हणजे विक्रेत्याने खाते त्याच सुमारास बंद केले असल्यास हाती जेमतेम दोन महिने उरतात. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला आजच ईमेल करून त्या खात्याची नोंद जपून ठेवण्याची विनंती करा आणि त्याची प्रत पोलिसांना द्या. कंपनी ती माहिती आपल्याला देणार नाही, तपासी अधिकाऱ्याने मागितल्यास मात्र तिला द्यावी लागेल.

वीस हजार मागणाऱ्याला एक रुपयाही पाठवू नका. तो खरा पोलीस असेल तर ती लाच आहे, आणि तिची तक्रार लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या १०६४ या क्रमांकावर करता येते. तो तोतया असेल, तर ती फसवणूक आहे. दोन्ही शक्यतांत प्रकरण मिटत नाही, कारण अशा गुन्ह्याचा तपास बंद करण्याचा अधिकार फोनवरून बोलणाऱ्या कोणालाही नसतो. त्याला गुन्हा रजिस्टर नंबर, पोलीस ठाणे आणि स्वतःचे पद विचारा, मग त्या ठाण्याचा दूरध्वनी आपण स्वतः शोधून खात्री करा. प्रथम खबर (एफआयआर) नोंद झाली असल्यास ती महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर सहसा पाहता येते.

पुणे पोलिसांनी खरोखरच बोलावले, तर नोटीस लेखी मागा आणि ती कोणत्या कलमाखाली आहे ते प्रथम वाचा, कारण दोन नोटिसांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ चे कलम १७९ साक्षीदारासाठी आहे. त्याखाली तपासी अधिकारी स्वतःच्या किंवा लगतच्या ठाण्याच्या हद्दीतील व्यक्तीलाच हजर राहण्याचा आदेश देऊ शकतो, त्यामुळे इचलकरंजीच्या माणसाला केवळ साक्षीदार म्हणून पुण्याला येण्याची सक्ती करता येत नाही. कलम ३५(३) ची नोटीस मात्र संशयितासाठी असते आणि तिला हजर राहावेच लागते. तशी नोटीस आल्यास घाबरून पळू नका. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत विनाकारण अटक करू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने अर्नेश कुमार विरुद्ध बिहार राज्य या २०१४ च्या निवाड्यात बजावले आहे, आणि नोटिशीचे पालन करणाऱ्याला अटक करायची झाल्यास पोलिसांना कारणे नोंदवावी लागतात. ही नोटीस केवळ व्हॉट्सॲपवर पाठवून भागत नाही, असेही सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केले आहे. तरीही न्याय संहितेच्या कलम ३१७(२) चा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे, म्हणून ३५(३) ची नोटीस आल्यास वकिलाशी बोलून नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८२ खाली अटकपूर्व जामिनाचा अर्ज करायचा की नाही हे ठरवावे. जबाब देताना स्वस्तात मिळाला म्हणून घेतला हेही सांगावे. जे चॅटमध्ये लिहिलेलेच आहे ते लपवण्यात काही अर्थ नाही.

आपल्या ग्राहकाच्या मागणीविषयी मात्र माझे उत्तर आपल्याला आवडणार नाही. त्याचे २१,००० रुपये आपण परत द्यावेत. मालविक्री अधिनियम, १९३० च्या कलम २७ नुसार, ज्याच्याकडे स्वतःचीच मालकी नाही तो दुसऱ्याला मालकी देऊ शकत नाही. चोराकडून घेणारा कितीही सज्जन असो, वस्तू पुण्याच्या जुन्या बाजारात भर दुपारी घेतलेली असो की मोबाइलवरच्या जाहिरातीतून, ती मूळ मालकाचीच राहते. उघड्या बाजारात घेतले म्हणजे हक्क मिळाला, ही समजूत व्यापाऱ्यांत खोलवर रुजलेली आहे, पण भारतीय कायद्यात तिला थारा नाही. एक अपवाद सांगतो. मूळ मालकाने फसवणुकीला बळी पडून का होईना, पण स्वतः सौदा करून फोन विकला असेल, आणि तो सौदा त्याने रद्द करण्यापूर्वी आपण प्रामाणिकपणे फोन घेतला असेल, तर कलम २९ आपल्याला मालकी देते. खिशातून किंवा घरातून चोरलेल्या फोनला हा अपवाद लागू होत नाही, म्हणून फिर्यादीत नेमके काय लिहिले आहे ते वकिलाकडून पाहून घ्या.

मालविक्री अधिनियमाच्याच कलम १४ प्रमाणे प्रत्येक विक्रीत 'मला हा माल विकण्याचा हक्क आहे' अशी अट न लिहिताही गृहीत असते. ती मोडली, तर विक्रेता प्रामाणिक होता की नव्हता याला महत्त्व उरत नाही. पावतीवरचे 'नंतर तक्रार चालणार नाही' हे वाक्य बॅटरी, स्क्रीन, आवाज अशा गुणवत्तेच्या तक्रारींपुरते वाचले जाईल. त्या वाक्यातून ग्राहकाने मालकीचा धोका पत्करला होता असा अर्थ काढणे कठीण आहे. आपण हा व्यवसाय नियमितपणे करता, त्यामुळे तो आपल्याविरुद्ध ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करू शकतो, आणि तेथे मुद्दलाबरोबर व्याज, मनस्ताप व खर्च यांची भर पडू शकते. एकरकमी जमत नसेल तर त्याला विश्वासात घेऊन हप्ते ठरवा. रक्कम बँकेतून द्या आणि त्याच्याकडून लिहून घ्या, की फोन पोलिसांनी जप्त केल्यामुळे खरेदीची पूर्ण रक्कम परत मिळाली असून त्याची आता काही मागणी उरलेली नाही. त्याच्याजवळचा जप्ती पंचनामा किंवा पोलिसांची पोच, यांपैकी जे असेल त्याची प्रत मागून घ्या, कारण आपल्या वसुलीसाठी तोच मुख्य कागद ठरेल.

त्या वसुलीत ग्राहक आयोगाचा आपल्याला उपयोग नाही. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ पुनर्विक्रीसाठी वस्तू घेणाऱ्याला ग्राहक मानत नाही, आणि स्वयंरोजगाराची जी सवलत त्यात आहे ती वस्तू स्वतः वापरून उपजीविका करणाऱ्यासाठी आहे, विकून करणाऱ्यासाठी नव्हे. जाहिरातीचे संकेतस्थळही केवळ मध्यस्थ असल्याने, माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ७९ च्या संरक्षणामागे ते बहुधा उभे राहील. राहतो तो मूळ विक्रेता आणि ज्याच्या खात्यात पैसे गेले तो त्याचा भाऊ. त्यांच्याविरुद्ध फसवणुकीची फिर्याद न्याय संहितेच्या कलम ३१८(४) खाली देता येते, आणि पैशांसाठीचा दिवाणी दावा तीन वर्षांच्या मुदतीत करता येतो. साडेअठरा हजारांसाठी स्वतंत्र दावा लढवणे परवडेल का, याचा विचार आपण शांतपणे करावा. माझ्या मते फिर्याद आधी, दावा नंतर. कारण आरोपी सापडला, त्याला शिक्षा झाली आणि त्याच्याजवळ पैसे मिळाले, तर चोरीचा माल अजाणतेपणी विकत घेणाऱ्याला त्या पैशांतून भरपाई देण्याचा आदेश न्यायालय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९९ खाली देऊ शकते. त्यासाठी माल मालकाला परत गेलेला असावा लागतो आणि खरेदीदाराने तसा अर्ज करावा लागतो. खटला पुण्यात चालेल, म्हणून त्याच्या तारखांवर लक्ष ठेवणारा तेथील एखादा वकील आतापासूनच पाहून ठेवा.